नात्याचा रकाना

नाव रत्नप्रभा शांताराम धुरी, वय सत्तेचाळीस,
राहणार मिठबांव, तालुका देवगड.
रुग्णाशी नातं:
इथं पेन थांबलं, साहेब.

तुमच्या यादीत नवरा-बायको आहेत,
आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण,
आजी-आजोबा, नातवंडंसुद्धा.
जाऊ नाही.
कायद्याला हा शब्दच ठाऊक नसावा.
आमच्याकडे पोरीला चुलीपाशी बसायला लागल्यापासून ठाऊक असतो,
आणि त्याच्या मागून येणारी म्हणही:
जावाजावा, उभा दावा.

जयवंतीचा भाऊ तयार होता, त्याला साखर निघाली.
मुलगा तयार होता, त्याचं रक्त जुळलं नाही.
दिरांचं हृदय आधीच अर्धं.
यादीतल्यांचं काही जुळेना
आणि यादीबाहेरचीचं जुळलं.
असं क्वचित होतं, डॉक्टर म्हणाले.
मी म्हटलं, आमचं कधी काहीच जुळलं नाही,
एवढं एक राहिलं होतं.

तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली,
‘तुका कोणी इचारल्यान?’
मग बराच वेळ भिंतीकडे बघून,
‘खूप दुखतला गे तुका.’

पैसे किती ठरले, असं विचारलंत.
राग नाही आला.
मी बंदरावर लिलावाला बसते.
ज्याच्या घरी आजारी माणूस
त्याची सुरमई कशी अर्ध्या भावात उचलतात,
बघते मी.
माणसाचं तसं होऊ नये म्हणून तुम्ही बसलात.
बसा. विचारा.
कॅमेरा चालू राहू दे.

पण आपुलकीचा पुरावा म्हणून फोटो मागितलेत,
तिथं अडलं.
चार लग्नं, एक बारसं, सगळे आल्बम उलटले.
प्रत्येक फोटोत ती एका टोकाला, मी दुसऱ्या,
मधे अख्खं खानदान.

म्हणून हा कागद आणलाय.
दोघींची नावं असलेला घरातला एकच:
दिवाणी न्यायालय, देवगड.
सौ. जयवंती धुरी, वादी.
सौ. रत्नप्रभा धुरी, प्रतिवादी.
वादाचा विषय घरामागची विहीर
आणि तिच्या आड मी घातलेला गडगा.

अकरा वर्षं.
तारखेला दोघी एकाच एसटीनं जायचो,
त्या वेळेला दुसरी गाडीच नाही.
कुणकेश्वरच्या वळणांवर तिला उलटी होते,
म्हणून खिडकी मी सोडायची. बोलायचो नाही.
तारीख पुढे ढकलली की स्टँडवर
एक पाणी प्यायला जायची
आणि दुसरी तिच्या पिशवीवर लक्ष ठेवायची.
हे कागदावर नाही,
पण अकरा वर्षांच्या हजेऱ्या आहेत. मोजून घ्या.

आता तिला दिवसाला पाऊण लिटर पाणी, मोजून.
औषधाच्या मापानं पिते.
विहीर तुडुंब.
मी पाणी ओढायला गेले की रहाट करकरायचा,
तिच्या पडवीत ऐकू जात असणार.
दोन महिने झाले, मी त्याला खोबरेल घालते.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

ती दावा मागे घेते म्हणाली.
मीच घेऊ दिला नाही.
वकिलानं सांगितलं, किडनीच्या आधी विहीर सुटली
तर तो मोबदला धरतील,
तुम्हा दोघींना आत टाकतील.
तेव्हा दावा चालू आहे, साहेब,
आणि मी गडग्याचा एक चिराही हलवलेला नाही.

नवऱ्याची संमती जोडली आहे.
ट्रॉलरवरून उतरला तसाच सही करून गेला,
कागदाला वास येईल मासळीचा.

पुढची तारीख बावीसची.
तिला तोवर उभं राहता आलं पाहिजे.
तिनं यावं, साक्ष द्यावी,
आणि भर कोर्टात माझ्यासमोर हरावं.

सही कुठे करू?